बाबांच्या हिरडीसाठी

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई सहज बोलून गेली की ब्रश केला की बाबांच्या थुंकीत जरा रक्त दिसतं, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही, म्हणून तुम्हाला न विचारता दातांच्या डॉक्टरांची शनिवारी सकाळी १० ची अपॉइंटमेंट घेऊन टाकलीय. बाबा, रागावू नका. विचारलं असतं तर "दुखत नाही ना, मग कशाला" म्हणाला असतात, आणि मला भीती त्याचीच वाटते, इम्प्लांटभोवतीची, म्हणजे हाडात स्क्रू घालून बसवलेल्या दाताभोवतीची, हिरडी बिघडली तरी बऱ्याचदा दुखत नाही.

चूक माझी आहे. ३ वर्षांपूर्वी इम्प्लांट बसवून घ्या म्हणून मीच मागे लागले आणि मीच म्हटलं की आता कायमची काळजी मिटली. टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही, पण तो बसलाय ते हाड आणि हिरडी तुमचीच ना. आपल्या दाताला हाडाशी बांधणारे तंतू असतात, इम्प्लांटला ते नसतात, हिरडीही तेवढी घट्ट चिकटत नाही, मग कडेला जंतूंचा थर साचला की सूज पटकन खोल जाते. नुसती हिरडी सुजलीय तोवर सफाईने ती बरी होऊ शकते, पण हाड झिजलं की ते भरून येणं फार अवघड. तुमचे आधीचे दातही हिरड्यांपायीच हलून गेले होते, त्यात शुगर.

घाबरू मात्र नका, नीट जपले तर इम्प्लांट २०-२० वर्षंसुद्धा टिकतात. मी स्वतः न्यायला येतेय, गाडीत पुढची सीट तुमची, दुपारच्या झोपेआधी घरी. हिरडीजवळची फट किती खोल गेलीय ते मोजतील, एक्स-रे काढून बसवतानाच्या एक्स-रेशी ताडून बघतील, लागलं तर क्लीनिंग. आई, तो जुना एक्स-रे आणि शुगरचे रिपोर्ट निळ्या फाईलमधून काढून ठेव.

बाबा, रात्री बॅटरी घेऊन माझ्या दाढा बघायचात, "आ कर, अजून मोठा आ" म्हणत, आणि मी तुमचं बोट चावायचे. आता तेवढाच आ माझ्यासाठी करा ना.

तोपर्यंत रक्त येतं म्हणून ती जागा सोडून ब्रश करायचा नाही, मऊ ब्रश हलक्या हाताने तिथेच फिरवायचा. ड्रॉवरमधला छोटा फटीतला ब्रश रोज रात्री वापरायचा, काडी अजिबात घालायची नाही. यापुढे दर ६ महिन्यांनी तपासणी, डॉक्टर म्हणाले तर ३ महिन्यांनी, तारखा मी लक्षात ठेवीन. आणि पू दिसला किंवा दात हलल्यासारखा वाटला तर शनिवारपर्यंत थांबू नका, लगेच फोन करा, मी मीटिंगमध्ये असले तरी.

तुमची,
चिमी