मॉरिशसहून येणाऱ्यांसाठी कोकणातली दप्तरे उघडा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांच्या हवेल्यांवरचा लेख वाचला. मोका येथील १८३० ची ‘युरेका’ काय किंवा मापूचा ‘लाबुर्दोने’ काय, फोटो देखणेच होते. बाकीच्या बऱ्याच लाकडी हवेल्या कधीच गेल्या. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने तर कित्येकांचा निकाल लावला. तरी पूर्वज शोधताना त्या फ्रेंच घराण्यांचे काही अडत नाही. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, नोटरींचे दस्त, गुलामगिरी संपल्यावर मिळालेल्या भरपाईचे कागद यांतून खापरपणजोबा हाती लागतो. (भरपाई गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली!) त्याच मळ्यांवरच्या ‘कॅम्पां’तल्या, म्हणजे मजूरवस्त्यांतल्या, गवती झोपड्यांत मात्र करारावर मजुरीला गेलेली आपली कोकणी माणसे राहत होती. लेखात त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

मी निवृत्त महसूल कर्मचारी. गेल्या पावसाळ्यात मॉरिशसचे एक जोडपे पूर्वजाचे गाव शोधत, विचारत विचारत माझ्याकडे आले. हातात मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून काढलेला त्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा. क्रमांक, जहाज, वय, उंची, कपाळावरचा व्रण, बापाचे नाव, सगळे होते. आडनाव तेवढे नव्हते. बापाचे नावच तिकडे पुढे आडनाव म्हणून चालले. गाव ‘शिरगाव, जिल्हा रत्नागिरी’. आता कुठले शिरगाव? एक रत्नागिरीला लागून, दुसरे चिपळूणकडे, तिसरे देवगडात, म्हणजे १९८१ पासून सिंधुदुर्गात! तिन्हींची वाट सांगितली, चहा पाजला. आणखी काय करणार?

करता आले असते. जुनी बोटखते (जमिनीच्या नोंदी) आणि कोतवाल बुके (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) चाळली, तर परदेशी गेलेल्याचे नाव मिळणार नाही, पण मागे राहिलेल्या भावाचे, पुतण्याचे मिळू शकते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या नामावळ्याही (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या) पाहाव्यात, पण मजुरीला गेलेल्यांच्या घरचे तिथवर कितीसे पोचले असतील?

मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड देण्याचे मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे उतारे घेऊन येणारे वाढणार. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये मोडी दप्तरे धुंडाळून स्कॅन केलीच ना? मग रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जुन्या दप्तरांची निदान गाववार यादी तरी ऑनलाइन टाकावी. कुठल्या शिरगावाचे काय शिल्लक आहे, एवढे घरबसल्या कळले तरी त्यांचे निम्मे हेलपाटे वाचतील.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, रत्नागिरी