पासंगाचं लिही

मिरज,
रविवार, दुपार

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. "तुम्हाला अजून कोण पत्र लिहितं हो?" असं पोस्टमननेच विचारलं, तेव्हा जरा भाव खाल्ला. मग पत्र उघडलं आणि तुझा राग आला. "हल्ली आतून काही येत नाही, हौसच संपली" म्हणे. अरे, आतून यायला लिहिणं म्हणजे काय उचकी आहे?

आणि हौसेचं एवढं सोवळं कशाला? माझंच बघ. आठ वर्षांपूर्वी इथल्या सतारमेकर गल्लीवरचा माझा लेख एका दिवाळी अंकाने साभार परत केला. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "माहिती बरी आहे, पण जीव नाही." दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेतली आणि दर शनिवारी गल्लीत जाऊन बसायचं ठरवलं. निव्वळ खुन्नस होती. कलेचं प्रेम वगैरे तेव्हा मनातही नव्हतं.

आता त्या गल्लीचंच मूळ बघ. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. हत्यारांना धार लावणारे शिकलगार; तलवारींचं काम बसत गेलं तसे फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातले लोक तंतुवाद्यांकडे वळले. म्हणजे सुरुवात पोटापासून! 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा "पिढ्यान्‌पिढ्यांची साधना" असं काय काय लिहून आलं. साधना आहेच, नाही कोण म्हणतो? पण आधी चूल होती.

एका शनिवारी जवारी काढताना पाहिली, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून ती जिच्यावर टेकते ती घोडी घासताना. तुला कधी सांगितलं नाही बहुतेक. तंबोरा आडवा ठेवलेला. वर माळ्यावर पंढरपूरकडून आलेले कडू भोपळे वाळत पडलेले. दुकानातले कारागीर चाचा घोडीवर कानस फिरवायचे, इतकी हलकी की भुकटीसुद्धा दिसू नये, मग तार परत चढवून छेडायची, कान खाली न्यायचा, तार उतरवायची, पुन्हा कानस. दीड तास हेच. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि तो केसभर पुढे, केसभर मागे. मधेच एकदम आवाज असा उघडला की अख्खं दुकान भरून गेलं. मी म्हणालो, "झालं!" चाचा वर न बघता म्हणाले, "तुमचं झालं. माझं नाही अजून." आणि तार पुन्हा उतरवली.

त्या रात्री वहीत चार पानं लिहिली. खुन्नस कुठे गेली कळलंच नाही. तो लेख परत कुणाला पाठवावासा वाटला नाही, अजूनही पाठवलेला नाही.

विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' तर तू कॉलेजात वाचलं आहेस. वरसईचा भिक्षुक, घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने गडी 1857 साली उत्तरेत गेला आणि नेमका बंडात सापडला. झाशी पडताना आत होता. वाटेत लुटला गेला. पैसा हाती राहिला नाही, गंगेची कावड मात्र घरी आणली. आणि हे सगळं लिहिलं केव्हा? पंचवीसेक वर्षांनी, तेही इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी गळ घातली म्हणून. 'माझा प्रवास' छापून आलं 1907 साली, ते बघायला भटजी नव्हते. त्यातही वैद्यांनी आपला हात फिरवलेला. मूळ मोडी वहीबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, तोवर 1966 उजाडलं. आणि तुला ग्रुपवरच्या रविवारच्या लिखाणाला अंगठे कमी आले म्हणून वही मिटावीशी वाटते!

बरं, हे झालं बोलून. आता खरं सांगू का? तुझी हौस संपली यावर माझा विश्वास नाही. तुझे जुने कागद मी काल पुन्हा काढले. अण्णांच्या दुकानावरचे पहिले पंधरावीस तुकडे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवले होते, आठवतं? गुळाच्या ढेपेवरच्या मुंग्या, उधारीच्या वहीतलं अण्णांचं किरटं अक्षर, पुडी बांधताना दातात धरलेला दोरा. आणि मग तो एक तुकडा. तागडीच्या एका पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलेला असायचा, अण्णा त्याला पासंग म्हणायचे, आणि एकदा एक बाई तो गोळा बघून सगळ्यांसमोर काहीतरी बोलली. "त्याबद्दल पुढे कधीतरी" असं लिहून तू थांबलास. पुढच्या रविवारी एकदम 'समाधान म्हणजे काय'. त्यानंतर 'वेळेचं महत्त्व'. मग 'माणसं आणि नाती'. दिग्या, हे तू लिहिलंस? अण्णांच्या दुकानात वाढलेल्या माणसाने?

तुझी गाडी तिथे अडली आहे, असं मला वाटतं. तो पासंग दोन्ही पारडी समतोल करायला होता की गिऱ्हाईकाच्या मालातून काढायला, हे तुला ठाऊक आहे. किंवा ठाऊक नाही आणि आता विचारायला अण्णा नाहीत. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याला बगल देऊन तुला पुढे जाता येत नाहीये. म्हणून मग समाधान नि वेळ नि नाती.

ते लिही. ग्रुपवर नको, मला एकट्याला. ती बाई काय बोलली, अण्णांचा चेहरा कसा झाला, तू तेव्हा कुठे उभा होतास. मी कुणाला दाखवणार नाही, बायकोलासुद्धा नाही. चुकीचं वाटलं तर फाडून टाक आणि पुन्हा लिही, पण पाठव.

वहिनींना नमस्कार. पोराचा निकाल कळव. आणि पाकिटाला पुरेसं तिकीट लाव रे, या खेपेस तुझ्या हौस संपल्याच्या बातमीसाठी मला दंड भरावा लागला.

तुझा,
बंड्या