सूचना: वंशावळ पाहिल्याशिवाय जोडी लावू नये

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी 9.30 वाजता कुडाळला, नेहमीच्या बागेत मांगराजवळ बैठक आहे. विषय एकच: आपल्या जर्मन शेफर्डच्या जोड्या. ज्यांची मादी या हंगामात माजावर येईल त्यांनी यायलाच हवं.

सावंतवाडीपासून देवगडपर्यंत बागा राखणारी आपली बरीच पिल्लं एकाच नराची आहेत. नर देखणा, वानरांमागे जीव तोडून धावणारा, म्हणून सगळ्यांनी तोच लावला. आता त्याच्या मुली त्याच्याच मुलांना लावायचं घाटतंय. हे थांबवायला हवं. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीत पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप नात्यातले असल्याने एकच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता) किमान 25 टक्के येतो, सावत्र भावंडांत 12.5. दबलेले दोष दोन्हीकडून एकत्र येतात, वीण लहान होते, पिल्लं दगावतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने सख्ख्या भावंडांच्या आणि आई-मुलगा, बाप-लेक जोड्यांच्या पिल्लांची नोंदणी 2009 पासूनच बंद केली आहे.

येताना आणा:

- नर-मादी दोघांची वंशावळ, जमल्यास पाच पिढ्यांची. तीन पिढ्यांत नाव पुन्हा दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आणखी मागच्या पिढ्यांत तोच नर सापडतो.
- खुब्याचा एक्स-रे. पिल्लू धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडून टाकत असेल तर खुब्यात दोष असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच.

माजावरची मादी बैठकीला आणू नये. बाहेरचा, नात्यात नसलेला नर कोल्हापूर किंवा बेळगावहून आणायचा खर्च वाटून घेऊ. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावं.