नृत्यशिक्षण दहावीपाशी थांबू नये

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

फ्रेंच नृत्यकार झाँ-जॉर्ज नोव्हेर यांचा जन्मदिन असलेला २९ एप्रिल हा दिवस १९८२ पासून आंतरराष्ट्रीय नृत्य दिन म्हणून साजरा होतो. या दिवसाच्या आसपास आपल्या शहरातही कार्यक्रम होतात, आणि त्यांत रंगमंचावर बहुतेक शाळकरी मुली असतात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु नाशिकमध्ये तीन दशकांहून अधिक काळ कथक शिकवत असताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे, ती म्हणजे नृत्य शिकण्याचे वय सहा ते सोळा एवढेच असते, ही आपण सर्वांनी मनोमन मान्य करून टाकलेली समजूत.

शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. या निर्णयामुळे नृत्यवर्गांकडे मुले वळली, पालकांचा विरोध मावळला, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. मात्र त्याच निर्णयाची दुसरी बाजूही आम्हा शिक्षकांना रोज दिसते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत आलेली, लयीची उत्तम जाण असलेली मुलगी गुणपत्रिका हाती पडताच घुंगरू ठेवून देते आणि विशारद या पुढच्या परीक्षेचा शब्दही त्या घरात पुन्हा निघत नाही. या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळामागे ज्यांची परंपरा आहे, त्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्याच नाशिकमध्ये रामनाम आधार आश्रम काढला. कला मोजक्या लोकांपुरती न राहता सर्वसामान्यांपर्यंत जावी, हा त्यांचा ध्यास होता. ती केवळ एका वयोगटापुरती उरावी, हे त्यांच्या नाशिकला शोभत नाही.

माझ्या वर्गात मोठ्यांची तुकडी सुरू झाली ती मुलींना सोडायला येणाऱ्या आयांमुळे. वर्ग सुटेपर्यंत बाहेर पायऱ्यांवर बसून त्यांना तीनतालाच्या सोळा मात्रा आणि ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे बोल मुलींच्याही आधी पाठ झाले होते. त्यांना आत बोलावले तेव्हा पहिला प्रश्न एकच होता, ‘मॅडम, आता या वयात?’ त्यांच्या पाठोपाठ काहींच्या सासूबाई आल्या. त्यांतल्या अनेकींना लहानपणी नृत्य शिकायचे होते आणि घरच्यांनी शिकू दिले नव्हते. ज्या काळात पुण्यात पं. रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती संस्था स्थापन केली, त्या १९४७ सालच्या मध्यमवर्गीय घरांतील संकोच पुढे कितीतरी वर्षे टिकून होता, आणि तो अंगावर झेललेल्या स्त्रिया आज सत्तरीत आहेत.

प्रत्येक वयाला शिकवण्याची रीत वेगळी असते आणि या कामातला माझा सर्वांत मोठा आनंद त्यातच आहे. सहा वर्षांच्या मुलाला आधी हाताने टाळी आणि खाली (टाळी न देता दाखवायची मात्रा) दाखवून लय कानात उतरवावी लागते. पायांचा तत्कार नंतर येतो. किशोरवयीन मुलींना वेग हवा असतो, चक्करांची संख्या वाढवायची असते, त्यांना ठाटातला, म्हणजे सुरुवातीच्या संथ, डौलदार उभे राहण्यातला, ठहराव समजावणे हेच खरे काम. चाळिशीतल्या स्त्रीचे खांदे आणि मान आखडलेली असते, पण अभिनय तिच्याकडे तयार असतो. माखनचोरीच्या गतभावात, म्हणजे नृत्यातून सांगितलेल्या कथेत, दहा वर्षांची मुलगी यशोदा करते तेव्हा ती स्वतःच्या आईची नक्कल करते. तीच यशोदा एखाद्या आजी करतात तेव्हा रागावण्यासाठी हात उगारलेला असतो आणि डोळ्यांनी केव्हाच क्षमा केलेली असते. हे मी त्यांना शिकवलेले नाही.

ज्येष्ठांसाठी मी चक्कर वगळते, टाचेचे आघात हलके ठेवते आणि हस्तक (हातांच्या हालचाली) व पढंत (बोल तोंडाने म्हणणे) यांवर भर देते. ज्यांना उभे राहणे जमत नाही ते खुर्चीत बसून शिकतात. दरवर्षी पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी पखवाज घेऊन दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरी जाणारे एक गृहस्थ निवृत्तीनंतर वर्गात आले, आणि पखवाजाच्या बोलांवर बांधलेल्या परणी त्यांनी तरुण मुलींपेक्षा लवकर आत्मसात केल्या. वारीतली पावली, मंगळागौरीची फुगडी आणि पिंगा यांत आपण कधी कोणाला वय विचारले नव्हते, मग शास्त्रीय नृत्याच्या वर्गातच ते का विचारावे?

आरोग्याचा मुद्दाही आहेच. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या अभ्यासात, पाहणी केलेल्या शारीरिक छंदांपैकी केवळ नृत्याचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध आढळला होता. यावरून नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध होत नाही, आणि तसा प्रचार कोणी करू नये. पण बोल लक्षात ठेवणे, मात्रा मोजणे, तोल सांभाळणे आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे ही सर्व कामे एकाच वेळी करताना ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर येणारी तरतरी मी रोज पाहते.

अडचण आहे ती जागेची. संध्याकाळचे सर्व तास शाळकरी मुलांना द्यावे लागतात आणि ज्येष्ठांना सोयीच्या असलेल्या दुपारसाठी गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडसारख्या भागात भाड्याने सभागृह घेणे लहान वर्गाला परवडत नाही. सातपूर, सिडको आणि नाशिकरोडहून येणाऱ्यांना तर प्रवासच नको होतो. महापालिकेच्या सहाही विभागांत समाजमंदिरे व सामाजिक सभागृहे आहेत. त्यांपैकी प्रत्येक विभागातील किमान एक जागा आठवड्यातून दोन दुपारी प्रौढांच्या आणि ज्येष्ठांच्या नृत्य-संगीत वर्गांसाठी नाममात्र शुल्कात मिळावी, अशी माझी महापालिका प्रशासनाला आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे. तिथे रंगमंच किंवा ध्वनिव्यवस्था असण्याची गरज नाही. उघड्या फरशीवर गुडघ्यांना त्रास होतो म्हणून लाकडी तक्तपोशी किंवा जाड सतरंजी, आधाराला काही खुर्च्या आणि स्वच्छ स्वच्छतागृह एवढे पुरेसे आहे. अशा जागा उपलब्ध झाल्यास आठवड्यातील एक दुपार विनामूल्य शिकवण्याची माझी तयारी आहे, आणि शहरातील इतर नृत्यशिक्षकांनीही यासाठी पुढे यावे, असे मी त्यांना या पत्रातून आवाहन करते.

आपली विश्वासू,
एक कथक शिक्षिका, नाशिक