'टू' की 'ॲट': बाईंना आभाराचं पत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

फ्रेजल व्हर्ब्जवरच्या, म्हणजे क्रियापदाला 'अप', 'आउट' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या इंग्रजी क्रियापदांवरच्या, आपल्या टिपणाबद्दल मनापासून आभार. याद्या घोकायला न लावता आपण क्रियापदामागच्या त्या शेपटाकडेच बोट दाखवलंत, हे फार बरं केलंत.

सगळ्यात कामी आली ती चेंडूची जोडी. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून टाकणं. 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून फेकून मारणं. 'शाउट टू' म्हणजे लांबच्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगणं, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणं. 'ॲट' आला की समोरचा माणूस नेमाच्या टप्प्यात येतो.

घोळ होतो तो प्रत्ययाचं भाषांतर केल्यामुळे. 'त्याच्यावर रागावली'तल्या 'वर'चा 'ऑन' होतो, आणि 'अँग्री ऑन हिम' लिहून मोकळं! हवं असतं 'अँग्री विथ हिम'. उलट 'त्याच्याशी लग्न'मधल्या 'शी'साठी 'विथ' नको, 'मॅरिड टू' हवं. 'डिस्कस'पुढे तर 'अबाउट'सुद्धा लागत नाही.

पण तीच मराठी मदतीलाही धावते. 'खाऊन घे' आणि 'खाऊन टाक' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. 'ईट'ला 'अप' जोडला की 'खाऊन टाक'सारखंच होतं, ताटात काही उरत नाही. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणं. कागद 'बर्न अप' होतो, घर मात्र 'बर्न डाउन', कारण ते जळून खाली कोसळतं.

शेपूट क्रियापदापासून सुटं होतं की नाही, हे ओळखायची सर्वनामाची कसोटी तर प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. शब्दकोशात शब्द शोधायचा तर 'लुक इट अप'; 'लुक अप इट' चालत नाही. 'लुक आफ्टर'चं नेमकं उलट: 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. नाम असेल तर 'लुक अप द वर्ड' आणि 'लुक द वर्ड अप' दोन्ही चालतात, म्हणून नाम ठेवून ही कसोटी घेऊच नये.

एका ठिकाणी मात्र आपल्याशी थोडं भांडायचं आहे. फॉर्म भरण्यासाठी 'फिल आउट' आपण चूक ठरवलंत. ब्रिटिश वळण 'फिल इन'चं, हे खरं. पण अमेरिकेत फॉर्म सहसा 'फिल आउट' करतात. रिकामी जागा मात्र तिथेही 'फिल इन'च होते. पुढच्या प्रतीत एवढी ओळ घालाल ना?

आपले नम्र,
टिपण रोज वापरणारे आम्ही सगळे