जालंधरला उतरलेल्या काकूंना

ती. काकू,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. पुण्याहून निघालेल्या झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस तुमच्यासमोर काढला, तुमच्या डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी हाणली, जावयाच्या बदल्या आणि तुमचा डावा गुडघा दोन्हींचा इतिहास ऐकला, पण नाव काही विचारलं नाही. पहाटे जालंधरला उतरलात तेव्हा मी घोरत होते. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहावं लागतंय. साताऱ्याच्या, अंबाडा घालणाऱ्या, लेकीकडे निघालेल्या काकू कुणाच्या ओळखीच्या असतील तर त्यांना वाचून दाखवा.

आठवत असेल तुम्हाला, गाडी दौंड सोडायच्या आत मी पिशवीतून लोकर काढली होती. लेक जम्मूला शिकते. डिसेंबरातल्या धुक्यात सकाळी साडेसातला कॉलेजला जाते आणि कानटोपी घालत नाही, कारण पोनीटेल बसत नाही. तिला हवी होती कानांवरून जाणारी पट्टी, मधोमध वेणीची नक्षी असलेली. विकत मिळते हो, पण मला हुक्की आली. शाळेत असताना एक मफलर विणला होता, तेवढीच माझी पुंजी. नमुना इंटरनेटवरचा, अमेरिकन बाईचा. तुळशीबागेतून आठ नंबरच्या सुया आणि निळी लोकर घेतली आणि बसले गाडीत.

मनमाड येईपर्यंत तुम्ही नुसत्या बघत होतात. मी चौदा टाके घालून बोटभर विणलं होतं. पट्टी कसली, बुटाची नाडीच ती! पुठ्ठ्यासारखी कडक वर. मग तुम्ही हात पुढे केलात, सुया उजेडात धरल्यात आणि म्हणालात, "आठ नंबर लिहिलं होतं ना? ते त्यांचं आठ. हे आपलं आठ."

हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आपली आठ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत बरोबर उलटी गंगा, नंबर वाढला की सुई जाड, त्यांची आठ ५ मिलिमीटरची. म्हणजे त्यांच्या आठला आपली सहा, आणि त्यांच्या सहाला आपली आठ. दोन्हीकडे सारखी फक्त सात, साडेचार मिलिमीटर. न्यू जर्सीच्या भाचीने पाठवलेल्या सुयांवर तुमचा एक स्वेटर असाच वाया गेला होता म्हणून तुम्हाला ठाऊक. दुकानदार बिचारा काय करणार, मी मागितल्या त्याच त्याने दिल्या.

आता धावत्या गाडीत सहा नंबर कुठून आणायच्या? तुम्ही उसवायला लावलंत आणि दोन्ही कडांना दोन-दोन टाके वाढवलेत. कडेचे चार, उलट दोन, पिळाचे (म्हणजे त्या वेणीच्या नक्षीचे) सहा, उलट दोन, परत कडेचे चार. अठरा. कडेचे टाके पुढून-मागून सुलटच, म्हणजे कड गुंडाळत नाही. पिळाच्या दोन्ही अंगांना उलट टाके, कारण ते खाली दबतात म्हणून पीळ वर उठतो. आणि टाके वाढवायचे कारण पीळ पडला की पट्टी आत ओढली जाते. नमुन्यात या सगळ्याला दोन पानं होती. मागची ओळ तर तुम्ही तीन शब्दांत बसवलीत: सहा-सहा-सहा. सहा सुलट, सहा उलट, सहा सुलट. मी अजून तेच पुटपुटते. बाजूच्या बर्थवरच्या फौजीला वाटलं असेल, बाई जप करतेय.

पण मुख्य मुद्दा राहिलाच, तुमचा अंबाडा. सकाळी भोपाळ गेल्यावर पहिला पीळ घालायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं की तीन टाके बाजूला धरून ठेवायला लागणारी ती छोटी सुई मी आणलीच नाही. तुम्ही काही न बोलता डोक्याला हात घातलात आणि अंबाड्यातला एक आकडा उपसलात. पदराला पुसलात. पहिले तीन टाके आकड्यावर घेतले, तो पट्टीच्या पुढच्या बाजूला लोंबकळत सोडला, पुढचे तीन सुलट विणले, मग आकड्यावरचे तीन विणले. बस, पडला पीळ. आकडा वाकडा असल्यामुळे टाके त्याच्या वळणात बसून राहतात, गाडीने कितीही हिसके दिले तरी निसटत नाहीत. नंतर मी खास त्या कामाची सुई विकत घेतली. सरळ आहे. टाके सांडतात.

मी म्हटलं, काय सुंदर वेणी आली, तर तुम्ही शिक्षिकेच्या आवाजात म्हणालात, "वेणी नव्हे ही. वेणीला तीन पेड लागतात. हा दोन पेडांचा पीळ, सुंभासारखा." खऱ्या वेणीला नऊ टाके, एकदा पुढून ओलांडायचं, एकदा मागून, ते पुढच्या खेपेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण लोकरीवर इस्त्री फिरवलीस तर जाईल, हेही तिथेच बजावलंत. कारण माझी लोकर ॲक्रिलिकची. "मेंढीने हिचं तोंडही पाहिलेलं नाही," असं म्हणालात. लागलं थोडं, पण खरं होतं.

दर आठव्या ओळीला एक पीळ. झाशीपर्यंत मी स्वतःच घालत होते आणि फुशारकीने फौजीला दाखवत होते. ग्वाल्हेरनंतर तुम्ही पट्टी हातात घेतलीत आणि एका ठिकाणी बोट ठेवलंत. सगळे पीळ डावीकडे झुकलेले, एक उजवीकडे. तिथे मी आकडा पुढे ठेवायच्या ऐवजी मागे ठेवला होता. वर सहा ओळी विणून झालेल्या. माझा चेहरा पडला. आता सगळं उसवा.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मधले सहाच टाके सुईवरून सोडलेत. मुद्दाम. बारा टाके जागेवर, आणि मधे सहा टाक्यांची घळ खाली उतरत चाललेली, आडव्या धाग्यांची शिडी होऊन. मी श्वास रोखला होता, फौजीही पुढे सरकून बघत होता. चुकलेल्या पिळापर्यंत उतरलात, तीन-तीन टाक्यांची अदलाबदल केलीत, मग क्रोशाच्या सुईने शिडीची एकेक पायरी उचलत सहाही टाके वर आणलेत. मधे एकदा चहा प्यायलात. चष्मा लावला नव्हता.

विचारलं तर म्हणालात, १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा तुम्ही पाचवीत होतात आणि बाईंनी वर्गातल्या सगळ्या मुलींना जवानांसाठी मफलर विणायला बसवलं होतं. लोकर मोजून मिळायची. उसवली की ती कुरळी होते, पहिल्यासारखी बसत नाही, म्हणून न उसवता चूक काढायला शिकवलं होतं. तुमचा मफलर कुणाच्या गळ्यात गेला ते अर्थातच कळलं नाही. "पण दिसला असता तर ओळखला असता," असं म्हणालात. "आपला टाका आपल्याला कळतो."

आयर्लंडजवळच्या अरन बेटांवरच्या, असेच पीळ असलेल्या स्वेटरांबद्दल अशी गोष्ट सांगतात की घराघराची नक्षी वेगळी, त्यावरून बुडालेला कोळी ओळखू यायचा. गोष्ट रचलेली आहे, पुरावा नाही. पण तुमच्या हातच्या त्या सहा ओळी मात्र मला लांबून ओळखू येतात. बाकीची पट्टी कुठे सैल, कुठे आवळलेली. तेवढाच पीळ दोरी ओढल्यासारखा एकसारखा. लेकीने पहिल्याच दिवशी विचारलं, "आई, हा एकच नीट कसा आला?"

पट्टी ४८ सेंटिमीटर झाल्यावर टाके बंद केले, तिच्या डोक्याचा घेर ५५. ताणून चपखल बसते. शिवण मानेवर, केसांखाली गेली. आता तिच्या खोलीवरच्या दोन मुलींनाही हव्या आहेत. एक लाल, एक "ग्रे नको, राख रंग". फरक मला कळलेला नाही.

आणि काकू, जालंधर गेल्यावर जाग आली तेव्हा तुमचा आकडा माझ्या पट्टीतच अडकवलेला होता, तीन टाके घेऊन. तुम्ही सुट्या अंबाड्याने उतरला असाल तर माफ करा. पुढचा पीळ घालेपर्यंत तो काढता येणार नव्हता.

तुमची,
समोरच्या बर्थवरची