तांत्रिक कारण कोणते, तेवढे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकातली माहितीपट महोत्सवाची बातमी वाचली. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला चार कॉलम, आणि युद्धावरच्या माहितीपटाचा शनिवारचा खेळ ‘तांत्रिक कारणास्तव’ रद्द झाला, याला शेवटची दीड ओळ. कारण कोणते, हे विचारायला आपल्या प्रतिनिधीला सवड मिळाली नसावी. भाषण लांबले असेल.

खेळ रद्द झाल्याची सूचना गुरुवारीच लागली होती. दोन दिवस आधी कळणारा बिघाड! आणि शनिवारी त्याच वेळी, त्याच पडद्यावर, त्याच प्रोजेक्टरवर लोककलेवरचा माहितीपट विनातक्रार चालला. प्रोजेक्टरला विषय कळू लागले असतील तर ती खरी पहिल्या पानाची बातमी होती.

तांत्रिक कारणे असतात, भरपूर असतात. दीड तासाच्या टू-के दर्जाच्या माहितीपटाची डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, सुमारे १०० जीबीची धरा. डिस्क एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने, फॉरमॅट केलेली असेल तर चित्रपटगृहातले काही सर्व्हर (चित्रपट साठवून प्रोजेक्टरला पुरवणारे संगणक) ती ओळखतच नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी-२ किंवा ३ फॉरमॅटमधल्या डिस्कवर कॉपी करून पुन्हा लावावी लागते. जुन्या यूएसबी २ जोडणीवर नुसते सर्व्हरवर उतरवायलाच तासभर जातो. चित्रपट एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असेल तर केडीएम ही डिजिटल किल्ली लागते. ही ई-मेलने येणारी काही केबींची फाइल एका विशिष्ट सर्व्हरपुरतीच चालते, त्यामुळे आयोजकांनी ऐनवेळी पडदा बदलला की ती निरुपयोगी. पाठवणाऱ्याने मुदत ग्रीनिच वेळेने घातली तर सकाळी १० चा खेळ दुपारी साडेतीनपर्यंत उघडत नाही. यावर उपाय एकच, फोन करून नवी केडीएम मागवायची. आणि मुळात बहुतेक माहितीपट एन्क्रिप्ट केलेले नसतातच.

युरोपातले माहितीपट बऱ्याचदा सेकंदाला २५ फ्रेमचे असतात. फक्त २४ वर चालणारे जुने सर्व्हर ते घेत नाहीत. सबटायटल्स असलेली सीपीएल (प्रतीतली कोणती आवृत्ती चालवायची ते सांगणारी फाइल) सोडून मूळ आवृत्तीची सीपीएल प्लेलिस्टमध्ये टाकली, की प्रेक्षक दहा मिनिटे नुसते अरबी ऐकत बसतात. मल्टिप्लेक्समध्ये जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात म्हणून आवाजाचा फेडर (आवाज कमी-जास्त करण्याचे बटण) नेहमीच्या ७ वरून साडेचार-पाचवर आणलेला असतो आणि महोत्सवातही कोणी तो परत वर नेत नाही. मग बॉम्बहल्ला ऐकू येतो, पण ढिगाऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलणाऱ्या बाईचा शब्दही नाही. जुने ४:३ चित्रण ताणून पडदाभर केले की माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, ते वेगळेच.

पण यातला बराचसा घोळ आदल्या रात्री त्याच पडद्यावर सुरुवातीची दोन मिनिटे, मधला एखादा सबटायटल्सचा भाग आणि शेवट चालवून पाहिला तर सापडतो. नाहीच सापडला तर खेळ अर्धा तास उशिरा सुरू होतो किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लावतात. या माहितीपटाला पुढची वेळ दिलेलीच नाही.

दोन दिवस आधी चित्रपट गळतो तो साधारणपणे कागदावर. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राची सूट लागते. आयोजक चित्रपटांची यादी आणि सारांश माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे पाठवतात आणि तिथून परवानगीचे पत्र येते. आले नाही, तर प्रोजेक्टर कितीही उत्तम असो. इथे तसेच झाले असे माझे म्हणणे नाही. विचारायला हवे होते, एवढेच.

हे प्रश्न विचारायची सवय या राज्याला होती. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी फक्त भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. परदेशी चित्रपट मोकळे. निर्मात्यांनी विरोध केल्यावर अट मागे घेतली, पण नंतर निवडीतच बरेच राजकीय माहितीपट गळाले. तेव्हा दिग्दर्शकांनी फेब्रुवारीत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा पर्यायी महोत्सव भरवला. गुजरात दंगलींवरचा राकेश शर्मांचा ‘फायनल सोल्युशन’ तिथे दाखवला गेला. त्याच वर्षी सेन्सॉर मंडळाने त्याला आधी नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये परवानगी दिली. त्याआधी २००३ मध्ये अण्वस्त्रांवरचा आनंद पटवर्धनांचा ‘वॉर अँड पीस’ मुंबई उच्च न्यायालयाने एकही काटछाट न करता मोकळा केला होता. या सगळ्यात कोणी प्रोजेक्टरला दोष दिला नाही. २०१७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या महोत्सवातल्या तीन माहितीपटांना सूट नाकारली गेली, तेव्हा तिथल्या आयोजकांनी ते उघड सांगितले.

आपल्या प्रतिनिधीने आयोजकांना चारच गोष्टी विचाराव्यात: डिस्क कोणत्या तारखेला आली, केडीएम लागत होती का, चाचणी झाली का, आणि कलम ९ ची सूट मिळालेल्या यादीत या चित्रपटाचे नाव होते का. पाच मिनिटांचे काम आहे.

जाता जाता आणखी एक. महोत्सवाचे वेळापत्रक आपण उद्‍घाटनाच्या दिवशी छापलेत. महोत्सवाच्या प्रतिनिधींची (डेलिगेट) नोंदणी आदल्या संध्याकाळीच बंद झाली होती, आणि कलम ९ ची सूट घेऊन दाखवले जाणारे चित्रपट नोंदणीकृत प्रतिनिधींनाच पाहता येतात. वेळापत्रकात चित्रपटांची लांबीही नव्हती. अकराचा खेळ ५२ मिनिटांचा की १४० मिनिटांचा हे कळल्याशिवाय दुसऱ्या पडद्यावरचा साडेबाराचा गाठायचा कसा? पाहुण्यांच्या भाषणातला एक कॉलम कमी केला असता तर हे सगळे सहज मावले असते.

कळावे,
एक वाचक, पुणे